बोटभर निळं आभाळ

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, कलादालनाच्या तळघरात, गिलियन टक नावाच्या मुलीने आमच्या कॅप्टनने काढलेलं चित्र चौकटीतून बाहेर काढलं, पातळ पात्याने माउंट सोडवला आणि एकदम गप्प झाली. गिलियन गप्प बसणारी मुलगी नाही. ब्रिस्टलच्या गोदीवर काम करणाऱ्याची लेक, वय सत्तावीस, जुने कागद धुण्यात आणि सांधण्यात तिचा हात धरणारं या भागात कुणी नाही, आणि हात चालू असताना तोंडही चालूच असतं. मी खुंटीला कोट अडकवत होते. मागे वळून पाहिलं तर ती टेबलावर वाकलेली, दोन्ही हात पाठीमागे घेतलेले. "मिस पेव्हरेल," ती म्हणाली, "जरा इकडे या. आणि आधी खुर्ची घ्या." मी म्हटलं, "खुर्ची कशाला? म्हातारी दिसते की काय मी?" तर म्हणाली, "तुमच्या पुस्तकाचं नाव 'कॅप्टन पेव्हरेलची संध्याकाळ' आहे ना? म्हणून म्हणते, बसा." मी बसले नाही. टेबलाशी जाऊन उभी राहिले. माउंट म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची जी खिडकी कापून बसवतात ती, तिच्या कडेखाली चित्राचा थोडा भाग दबलेला राहतो. त्याला उजेड म्हणून कधी लागत नाही. तिथे, अगदी वरच्या कडेला, डावीकडून उजवीकडे बोटभर रुंदीची पट्टी होती आणि ती निळी होती. साधी निळी नव्हे. काळपट, ओली, फुगलेली निळी, पाऊस कोसळायच्या आधी आभाळ ज्या रंगाचं होतं त्या रंगाची. त्या पट्टीच्या खाली, सरळ रेघ ओढल्यासारखं, माझ्या ओळखीचं गुलाबी आभाळ सुरू होत होतं. छप्पन्न वर्षं मी ते गुलाबी आभाळ बघत आले होते आणि त्या क्षणी ते मला धुवून धुवून विटलेल्या परकरासारखं दिसलं.

"नीळ उडाली," गिलियन म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता, दवाखान्यात आणतात तसा. "नीळ आणि गेरू मिसळून ढगांचा करडा करायचे हे लोक. उजेडाने नीळ मरते, गेरू काही मरत नाही. मग उरतं ते हे गुलाबी. झाडांचंही तेच. हिरव्यातली नीळ गेली की खालचं पिवळं वर येतं. पुस्तकात तुम्ही पानगळीचा ऑक्टोबर महिना म्हणता ना, तो हा असा आला." "मला माहितेय नीळ कशी उडते ते," मी म्हटलं. "माहिती असणारच," ती म्हणाली, "पण मग पुस्तकात..." आणि तिने वाक्य सोडून दिलं. मी विचारलं, असा रंग जायला किती वर्षं लागतात. "उजेडावर आहे. अंधाऱ्या जिन्यात दोनशे वर्षं टिकेल. दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलंत तर पंधरा-वीस पुष्कळ झाली." मी मान हलवली. कधीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, मेलेल्या कुणीतरी, चुकीच्या भिंतीवर खिळा ठोकला असणार, असं मी धरून चालले. मग तिने सरळ मुद्द्याला हात घातला. प्रदर्शन पुढच्या शुक्रवारी. नवा माउंट या आठवड्यात कापायला हवा. जुन्या मापाने कापला तर पट्टी झाकली जाईल आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्धा इंच मोठा कापला तर जो कुणी चित्रासमोर उभा राहील त्याला न सांगता कळेल. "चित्र तुमच्या घरचं आहे. गुरुवारी पाचपर्यंत फोन करा. मी माझ्या अहवालात लिहायचं ते लिहिणारच आहे, पण अहवाल कोण मेलं वाचतंय?" असं म्हणून तिने त्या चित्रावर स्वच्छ टिपकागद अंथरला. मला तिचा राग आला. काही कारण नसताना, निव्वळ ती तिथे होती म्हणून.

बाहेर येऊन मी टेकडी चढायच्या ऐवजी नदीकडे उतरले. बाथ शहरात माणसाला विचार करायचा असेल तर तो नदीकडे जातो, कारण बाकी सगळीकडे कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि हवेबद्दल बोलावं लागतं. पुलाजवळच्या बाकावर बसून मी पाण्याकडे पाहत राहिले आणि मला पाणी दिसत नव्हतं, ग्रीसमधलं यानिनाचं सरोवर दिसत होतं. ते मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही, एका कॅप्टनखेरीज. माझ्या वडिलांचे पणजोबा कॅप्टन लूशियस पेव्हरेल तोफखान्यात होते. वुलिचच्या लष्करी शाळेत तोफा डागायला शिकवत तशीच चित्रं काढायलाही शिकवत. शत्रूची टेकडी, पूल, तटबंदी नजरेने टिपून कागदावर उतरवता आली पाहिजे म्हणून. स्पेनमध्ये सहा वर्षं त्यांनी टेकड्या उतरवल्या आणि मग त्याच टेकड्यांवर तोफा डागल्या. युद्ध संपलं, अर्ध्या पगारावर घरी पाठवलं. ते घरी आलेच नाहीत. रंगांची पेटी घेऊन बारा वर्षं भटकत राहिले, आणि अठराशे एकवीस साली त्या सरोवराच्या काठी त्यांनी हे चित्र काढलं: मागे डोंगर, मध्ये पाणी, काठाला दोन होड्या, खाली घोंगडीवर बसलेली तीन माणसं, आणि वर ते आभाळ. आमच्या घरात त्याला चित्र म्हणत नसत, 'संध्याकाळ' म्हणत. "संध्याकाळीवरची धूळ झटकली का?" "संध्याकाळीखालची खुर्ची पपांची आहे, तिथे बसू नकोस." घरची श्रद्धा अशी की एवढा रक्तपात पाहिलेल्या माणसाला त्या काठावर एका संध्याकाळी शांती मिळाली, आणि ती त्याने आम्हां सगळ्यांसाठी कागदावर ठेवून दिली. मी अकरा वर्षांची असताना आई गेली, त्या दिवशी पपांनी मला त्या चित्रासमोर उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि काहीही बोलले नाहीत. आमच्या घरात दुःखाची बोलणी होत नसत. त्याऐवजी चित्राकडे बघायचं असे. मी बघितलं. मला खरोखरच बरं वाटलं होतं, आणि हे खोटं आहे असं मला कुणी कितीही सांगितलं तरी ते बरं वाटणं खोटं नव्हतं.

पण ते आभाळ खरं नाही हे मला आधीच एकदा सांगितलं गेलं होतं. नदीकाठी बसून मी ज्याच्यापासून पळत होते ते हे. एकोणीसशे सत्तावन्न साली, जून महिन्यातल्या एका रविवारी, कीथ गॅलोवे आमच्याकडे जेवायला आला होता. तो लंडनच्या संग्रहालयात कागदांची दुरुस्ती करायचा, म्हणजे गिलियनचंच काम. मी तीस वर्षांची, तो चौतीस, आणि आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं, फक्त पपांना सांगायचं बाकी होतं. त्यासाठीच तो आला होता. स्कॉटलंडमधला माणूस, हाडं मोठी, सूट भावाचा. पपांनी स्वतः गोमांसाचे काप काढून त्याला वाढले. परक्याला पहिला काप देणं हा त्यांच्या लेखी मोठा मान होता. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि त्याने मान वर करून पपांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "काय मजा आहे बघा, ही संध्याकाळ नव्हेच. भर दुपार आहे. त्या तीन माणसांच्या सावल्या बघा ना, पायाखालीच पडल्यात. आणि आभाळ उडालंय, साहेब. मूळचं चांगलं काळंभोर असणार. चौकट उघडू द्याल? स्क्रूड्रायव्हर असला तर दहा मिनिटांचं काम. कडेखाली मूळ रंग मिळेल, पैज लावतो." त्याच्या तोंडावर इतका निर्मळ आनंद होता, जणू तो आम्हाला भेट देत होता. पपांनी सुरी खाली ठेवली. "मिस्टर गॅलोवे," ते म्हणाले, "या घरात पाहुण्यांसमोर कॅप्टनचे कपडे उतरवायची पद्धत नाही." मग त्यांनी मला मोहरी पुढे सरकवायला सांगितलं. आणि मी हसले. हे मला स्पष्ट आठवतं, सव्वीस वर्षांत त्यावर जराही धूळ बसलेली नाही: पपांच्या त्या टोल्यावर मी खळखळून हसले, मोहरीची वाटी सरकवली, आणि कीथचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला त्याची लाज वाटली होती. त्याच्या सूटची, त्याच्या उच्चारांची, आणि सगळ्यांत जास्त त्याचं म्हणणं बरोबर असण्याची.

स्टेशनवर आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे आम्ही फलाटावर एकमेकांकडे न पाहता हळू आवाजात बोललो. मी म्हटलं, "पपांना पत्र लिहून माफी माग, म्हणजे मी बाकीचं सांभाळते." तो म्हणाला, "कशाची माफी? सावली तोकडी आहे याची?" मी म्हटलं, "तू आमच्या घरी जेवायला बसून आमच्या देवाला दगड म्हणालास." "मी दगडाला दगड म्हटलं, हेस्टर. देव तुम्ही केलात." "तुला काय त्याचं? दोन शब्द लिहिलेस म्हणून हात झिजणारेत?" गाडी आली. आठवड्याने पत्र आलं, पण मला, पपांना नाही. आबर्डीनला त्याला जागा मिळाली होती. समुद्र घरातून दिसतो, थंडी फार आहे, तू ये, असं लिहिलं होतं. मी उत्तर म्हणून पुन्हा माफीचाच विषय काढला. अशी चार पत्रं झाली आणि मग झाली नाहीत. मी स्वतःला सांगितलं की मी तत्त्वासाठी थांबले. माणूस घरच्या श्रद्धेचा मान ठेवू शकत नसेल तर तो बायकोचा काय ठेवणार, असलं काहीबाही. शेजारच्या मिसेस क्लॅव्हरिंग म्हणाल्या, "बरं केलंस हो, आबर्डीनला माशांचा वास येतो म्हणे." त्यावरही मी हसले होते. मला वाटतं त्या वर्षी मी फार हसले.

आणि मग मी पुस्तक लिहिलं. सात वर्षं लिहीत होते. लंडनला, पॅरिसला, अथेन्सला जाऊन कागद उपसले, कॅप्टनच्या बहिणीच्या वंशजांकडून पत्रं मिळवली, तोफखान्याच्या नोंदी पाहिल्या. पुस्तकाचं कौतुक झालं. या विषयात आजही माझंच नाव घेतात, कारण दुसरं कुणी या विषयाच्या वाटेला गेलेलं नाही. सगळं पुस्तक त्या आभाळावर उभं आहे. सैनिकाच्या मनातला दाह शमला की रंग कसे निवळतात, करडा जाऊन गुलाबी कसा येतो, हे मी सव्वाशे पानं सांगितलं आहे. एकसष्टाव्या पानावर सावल्या येतात. त्या टाळता आल्या नसत्या, आंधळ्यालाही दिसतील. तेव्हा मी लिहिलं की चित्रकाराने सावल्या जाणूनबुजून तोकड्या ठेवल्या, कारण त्याच्या लेखी त्या घटकेला काळ थांबला होता. ते वाक्य मी तीन दिवस घोटत होते. चांगलं वाक्य आहे. पुस्तक आलं तेव्हा आबर्डीनहून एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "पान एकसष्ट फार सुंदर लिहिलं आहेस." सही नव्हती. मी ते कार्ड शेगडीत टाकलं आणि चिमट्याने बाहेर काढून पुन्हा टाकलं. कीथने पुढे तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं, त्याला तीन मुलगे झाले, आणि चार वर्षांपूर्वी तो गेला हे मला एका मासिकाच्या मागच्या पानावर कळलं. दातदुखीसाठी दवाखान्यात थांबले होते. मला आत बोलावलं तेव्हा मी म्हटलं, दुखायचं थांबलं, आणि घरी गेले.

बुधवार मी घरात काढला. भिंतीवर चित्राच्या जागी चौकोन राहिला होता, बाकीच्या कागदापेक्षा गडद. तिथला भिंतीचा कागद मूळचा हिरवा आहे हे मला तेव्हा कळलं. मी किती वेळा फोनपाशी गेले ते मोजलं नाही. जुन्या मापाने काप, एवढं म्हटलं की संपलं असतं. कुणाचं काय बिघडत होतं? माणसं प्रदर्शनाला येणार, चहा घेणार, संध्याकाळ बघून त्यांना बरं वाटणार, जसं मला अकराव्या वर्षी वाटलं. खरं सांगितलं तर मात्र माझ्या नावावर जे काही आहे ते सगळं, पुस्तक, तीन व्याख्यानं, आताच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतला निबंध, एका बोटाच्या रुंदीने खोटं पडणार होतं. आणि ते तरी चाललं असतं. विद्वानांची पुस्तकं खोटी पडायचीच असतात, तो त्या धंद्याचा भाग आहे. मला खाऊन टाकत होतं ते वेगळंच. ती पट्टी दिसली की सत्तावन्न सालचं ते जेवण पुन्हा मांडलं जाणार, आणि या वेळी त्या टेबलाशी बसलेली चुकलेली माणसं कोण हे सगळ्या शहराला दिसणार. म्हणजे शहराला काय माहीत? शहराला कीथ गॅलोवे ठाऊकसुद्धा नाही. दिसणार होतं ते मला. मी माझं आयुष्य एका उडालेल्या रंगासाठी नाकारलं, हे मला दर वेळी त्या चित्रापाशी गेल्यावर अर्ध्या इंचात वाचावं लागणार. मग मी एक भित्रा निर्णय घेतला, जो मला त्या वेळी सभ्य वाटला: आधी पपांना सांगायचं. चित्र त्यांचं आहे. छप्पन्न वर्षांची बाई वडिलांची परवानगी घेऊन मग खरं बोलणार होती.

पपा एक्याण्णव वर्षांचे आहेत. तीन वर्षं झाली, लॅन्सडाऊन टेकडीच्या वरच्या अंगाला जे निवृत्त अधिकाऱ्यांचं शुश्रूषागृह आहे तिथे असतात. पाय गेले, कान अर्धे गेले, डोकं मात्र शाबूत. दर गुरुवारी मी तीनला जाते आणि साडेपाचला निघते. त्या गुरुवारी ते खिडकीपाशी बसले होते, टाय लावलेला, घोंगडी गुडघ्यांवर. मी वाटेवर सगळी भाषणं जुळवली होती. प्रत्यक्षात खुर्ची ओढली आणि म्हटलं, "पपा, कलादालनातल्या मुलीने माउंट काढला. खालून निळं आभाळ निघालं. ती संध्याकाळ नाहीये. दुपार आहे, आणि वादळ येतंय." मला वाटलं होतं ते म्हणतील, मूर्खपणा. किंवा त्यांना ऐकूच जाणार नाही. ते म्हणाले, "हो तर. भयंकर आभाळ होतं ते. मला फार भीती वाटायची."

मला समजलं नाही. "कशाची भीती?" "त्या आभाळाची. पोरी, मी सहा-सात वर्षांचा होतो. मला गोवर आला होता तेव्हा त्या खोलीत निजवलं होतं. चित्रावर हिरवा पडदा असायचा, माझी आई सगळ्याच जलरंगांवर पडदे लावायची, जुन्या बायकांना ते कळत असे. ताप उतरला की दाई मला गंमत म्हणून पडदा सरकवून दाखवायची. गंमत कसली! काळंनिळं सगळं. ती खालची तीन माणसं आता भिजणार, त्यांना कुणीतरी सांगा, असं मी ओरडायचो म्हणे." ते हसले. त्यांचं हसू अजून छान आहे. "मग महायुद्ध संपलं, एकोणीस साली मी फ्रान्सहून परत आलो. आई गेली होती. मला तेव्हा झाकलेलं काही सहन होत नसे. पडदे, चादरी, काहीच. खंदकात सगळ्यांवर काहीतरी घातलेलं असे ना, ताडपत्री, घोंगड्या, आणि आपण उचलून बघायचं. मी घरभरचे पडदे उपटले. त्याचाही उपटला आणि चित्र खिडकीसमोर आणलं. आणि ते हळूहळू निवळायला लागलं. आधी मला वाटलं, माझे डोळे. मग कळलं. दर वर्षी थोडं थोडं. तू झालीस तेव्हा बरंचसं निवळलं होतं. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघायचो, हेस्टर. ते शांत होत गेलं तसा मीही... असो. चांगलं झालं त्याचं. मुळात फार उदास होतं."

मी अथेन्सपर्यंत गेले होते. कॅप्टनच्या बहिणीच्या वंशजांना शोधून काढलं होतं. आणि हा माणूस माझ्यासमोर रोज सकाळी अंडं फोडत होता, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, पपा, तुम्ही लहान असताना हे चित्र कसं दिसायचं. आमच्यात विचारत नाहीत. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि विषय बदलायचा, ही आमची रीत. तिला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणतो. मी म्हटलं, "माझं पुस्तक वाचलंत तुम्ही." "दोनदा," ते म्हणाले. "फार सुंदर आहे." "त्यात सगळं खोटं आहे हे माहीत होतं तुम्हाला." "खोटं कसं? तुला तसं दिसलं ते तू लिहिलंस." मी हात मांडीखाली घेतले, शाळेत घ्यायची तसे. आणि मग मी विचारलं. उत्तर काय येणार हे विचारतानाच मला कळलं होतं. "कीथ गॅलोवे म्हणाला होता हे. जेवताना. आठवतं?" "गॅलोवे. हो. हुशार होता. एका नजरेत ओळखलं त्याने, मी चकितच झालो." "मग तुम्ही तेव्हा म्हणाला का नाहीत? हो, बरोबर आहे तुझं, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द." पपांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न अवघड वाटला नाही. उलट एवढं साधं मला कसं कळलं नाही याचं त्यांना थोडं नवल वाटलं असावं.

"तू गेली असतीस," ते म्हणाले.

तेवढ्यात चहाची गाडी घेऊन बाई आली, आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे बघून हसून आभार मानले. तिने विचारलं, "काय कर्नलसाहेब, लेकीशी गप्पा?" ते म्हणाले, "लेक मला तपासतेय." ती हसली. मी त्यांच्या कपात आधी दूध घातलं, त्यांना तसंच लागतं, मग चहा, मग साखर, आणि कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. मला त्यांच्या तोंडावर तो चहा फेकायचा होता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण त्या खोलीत हे कुणाला कळलं नसतं. बाकीच्या मुलींचं माहेर सुटतं आणि मला वडिलांनी मोहरी मागून घरात ठेवून घेतलं. आणि त्यात दुष्टावा असता तर मला हातात धरायला काहीतरी मिळालं असतं. आई गेलेली, घर मोठं, युद्धावरून आलेल्या माणसाला एकटं झोपायची भीती, सगळं मला दिसत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, "एक फोन करून येते," आणि पर्स तिथेच ठेवून बाहेर गेले.

फोन कॉरिडॉरच्या टोकाला आहे, जिन्याखाली. गिलियनने लगेच उचलला. "मोठा काप," मी म्हटलं. "खात्री आहे ना?" ती म्हणाली. "एकदा कापला की परत लहान होत नाही बरं का." "अर्धा नको, पाऊण इंच काप. आणि खालच्या पाटीवर दुपार लिही. दुपार, वादळापूर्वी." पलीकडे तिने ते लिहून घेतलं. "आणि तुमचा निबंध? तो तर छापून आलाय." मी म्हटलं, "राहू दे. माणसं वाचतील आणि मग वर बघतील." गिलियन म्हणाली, "मिस पेव्हरेल, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी म्हटलं, "नाही." आमच्या शहरात या प्रश्नाला हे उत्तर देत नाहीत, म्हणून तिने आणखी काही विचारायच्या आत मीच फोन ठेवला. जिन्याखाली चाकांच्या दोन खुर्च्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीवर मी थोडा वेळ बसले. आबर्डीनच्या त्या घरातून समुद्र कसा दिसत असेल ते बघायचा प्रयत्न केला, पण मला काहीच दिसेना, फक्त थंडी लागली.

परत गेले तेव्हा पपांचा चहा तसाच होता. ते दाराकडे बघत होते. "रागावलीस का?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी मला किंवा कुणाला कधी विचारल्याचं मला माहीत नाही. मी म्हटलं, "हो." त्यांनी मान हलवली. "साहजिक आहे," ते म्हणाले. खाली हिरवळीवर एक माणूस पानं गोळा करत होता. साडेपाचला मी उठले, कोट घातला, त्यांची घोंगडी नीट केली. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. पकडली नाही, नुसता लावला. "पुढच्या गुरुवारी येशील ना?" त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण डोळे नव्हते. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला मला थोडा वेळ लागला. मी येणार होते. मला ते पक्कं माहीत होतं, गुरुवारी दुसरं कुठे जायचं ते मला ठाऊकच नाही. "बघते," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं. मी येणार आहे हे त्यांना आठवडाभर कळणार नव्हतं. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढं मी घेतलं.